मधल्या सहा तासांत

“ह्या उनात कोण गो प्रेम करता?”

आमच्या चित्रपटाची ही पहिली समीक्षा. प्रदर्शनाला अजून वर्ष होतं. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी, दुपारी साडेबाराला, ती आली. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका गावात आम्ही नायक-नायिकेला हातात हात देऊन पुळणीवरून पळवत होतो, आणि ज्यांच्या घरी मी उतरले होते त्या काकी डोक्यावर ओला पंचा टाकून मला जेवायला बोलवायला आल्या होत्या. दोन टेक त्यांनी शांतपणे बघितले. तिसऱ्याला हा प्रश्न विचारला आणि माझ्या उत्तराची वाट न बघता सुरूच्या सावलीत जाऊन बसल्या.

२०१२ चा जानेवारी. मराठी रोमँटिक कॉमेडी, २२ दिवसांचं वेळापत्रक, आणि मी कंटिन्युइटी बघणारी. म्हणजे या शॉटात नायिकेच्या वेणीत अबोली असेल तर पुढच्या शॉटात तिचं शेवंतीत रूपांतर होऊ नये, अर्धा प्यालेला चहा परत भरू नये, याची नोंद ठेवणारी. गोष्ट सांगण्यासारखी नाही, तरी सांगते. पुण्याचा मुलगा आजोबांची जागा विकायला कोकणात येतो, ओळख लपवतो, समुद्रकाठी खानावळ चालवणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो, जागा विकत नाही. चित्रपट आला, आठवड्यात उतरला. माझ्या मानधनाचा तिसरा हप्ता निर्मात्याकडे अजून आहे. अनुभवाचे बोल बहुतेकदा असेच सुचतात, पैसे बुडाल्यावर. तर हे माझे, आठवतील त्या क्रमाने.

१. समुद्राला कंटिन्युइटी नसते

दुसऱ्या दिवशी सकाळी नायकाचा क्लोजअप घेतला. त्याच्या पाठीमागे दहा पावलांवर पाणी. मग लाइट बदलले, नाश्ता झाला, नायिकेचे केस परत विंचरले, आणि तिचं उत्तर टिपलं तेव्हा पाणी पन्नास पावलं लांब गेलं होतं. माझ्या वहीत नायकाच्या शर्टाची वरून दुसरी गुंडी उघडी असल्याची नोंद होती. समुद्र कुठे होता याची नव्हती. असा रकानाच मी आखला नव्हता.

रकाना आखायला शिकवलं ते गावातल्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी. होडीच्या सावलीत बसून ते जाळं विणत असत आणि आमच्याकडे सर्कशीकडे बघावं तसं बघत. त्यांनी सांगितलेलं गणित किनाऱ्यावर पोरासोरांना येतं, मला वाणिज्य शाखेची पदवी घेऊनही माहीत नव्हतं: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येतील तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसातून दोनदा, सकाळच्या आणि रात्रीच्या घड्याळात थोडं इकडेतिकडे. रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते, ती चंद्रामुळे. आमच्या संगणकावर काढलेल्या वेळापत्रकात कलाकार, कपडे, वाहनं, जेवणाची ताटं यांचे रकाने होते. तिथीचा नव्हता. त्या रात्री काकींच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचं कॅलेंडर उतरवून मी २२ दिवसांच्या भरत्या मांडल्या. दिग्दर्शकाला कागद दिला, तर तो म्हणाला, “छान आहे, पण आता कॉल शीट गेलीय.”

कागद त्याने वाचला तो पौर्णिमेनंतर. नायिकेची खानावळ आमच्या आर्टवाल्यांनी उभी केली होती: बांबू, झापं, दोन बाकं आणि निळ्या रंगात रंगवलेली पाटी. संध्याकाळी पाचला ओहोटी होती, पाणी लांब. कला दिग्दर्शकाला फ्रेममध्ये समुद्र जवळ हवा होता म्हणून त्याने खानावळ पुढे, ओल्या वाळूच्या कडेला नेली. तांडेल म्हणाले, “हयसर पाणी येतला.” किती वाजता? “अकराक.” सकाळीच ना, तोवर शॉट होऊन जाईल. “रातीक पण अकरा वाजतत,” तांडेल म्हणाले.

पौर्णिमा-अमावास्येची भरती उधाणाची, अष्टमीच्या आसपासची भांगेची, बेताची. मुंबईला उधाण साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, सिंधुदुर्ग-गोव्याकडे त्याच्या निम्मं. पण आमची पुळण इतकी सपाट की तेवढं निम्मंही खानावळ उचलायला पुरलं. सकाळी फक्त चार खड्डे उरले होते, तेही बुजत आलेले. पाटी दक्षिणेला एक किलोमीटरवर सापडली. ज्यांना सापडली त्यांनी ती सायकलवर बांधून आणून दिली आणि अक्षरं छान काढलीत म्हणून सांगितलं.

एक अख्खा दिवस गेला. स्टीव्हन स्पिलबर्गच्या ‘जॉज’चं शूटिंग समुद्रावर ५५ दिवसांत संपायचं होतं, ते १५९ दिवस चाललं, हे मी दिग्दर्शकाला धीर द्यायला सांगितलं. त्याला धीर आला नाही. निर्मात्याने मात्र ऐकलं, आणि त्या संध्याकाळपासून युनिटच्या चहाबरोबरची बिस्किटं बंद झाली.

संस्कृतात वेला म्हणजे वेळही आणि समुद्राचा काठही. आम्ही बावीस दिवस काठावर होतो आणि वेळेवर एकदाही नव्हतो.

२. उन्हाचा सिनेमा सावलीत काढतात

काकींच्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर मला नंतर कॅमेरामनने दिलं. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते, नाकाखाली मिशी उगवल्यासारखी दिसते आणि नायिका मिचमिच्या डोळ्यांनी “मला तू आवडतोस” म्हणते तेव्हा तिला चष्मा हवाय असं वाटतं. पडद्यावर जे ‘छान ऊन’ म्हणून दिसतं ते बहुतेक सकाळी दहाच्या आधीचं किंवा साडेतीननंतरचं. मधल्या वेळात डोक्यावर पांढऱ्या कापडाची मोठी चौकट धरायची, समोरून थर्मोकोलने उजेड उडवायचा, म्हणजे आधी ऊन काढून टाकायचं आणि मग थोडं थोडं परत द्यायचं.

‘मामा मिया!’ हा २००८ चा चित्रपट बघून आमच्या निर्मात्याला समुद्रकाठची प्रेमकथा काढायची हुक्की आली होती. ग्रीसच्या स्कोपेलोस बेटावरचं ते निळंपांढरं ऊन त्याला हवं होतं. त्याला हे माहीत नव्हतं की त्या चित्रपटातल्या नायिकेच्या आईचं उन्हात न्हाणारं हॉटेल लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत उभं केलेलं होतं. तिथलं ऊन दिव्यांचं. आणि कस्तानीच्या किनाऱ्यावर ज्या धक्क्यावर सगळे नाचतात तो धक्काही चित्रपटापुरता बांधलेला. काम झाल्यावर काढून टाकला. आजही लोक तो बघायला जातात म्हणे, आणि त्यांना नुसता किनारा भेटतो.

सूर्यास्ताचं वेगळंच. जानेवारीत तिकडे तो सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान. सूर्य पाण्याला टेकला की दोन-सव्वादोन मिनिटांत गेला. आमचा नायक त्या वेळेला मागणी घालणार होता, संवाद सव्वातीन मिनिटांचा. तीन संध्याकाळी त्याने अर्धी मागणी उजेडात घातली आणि अर्धी अंधारात. चौथ्या दिवशी संवाद कापून एक ओळ ठेवली. त्या चित्रपटातलं माझ्या मते बरं असलेलं दृश्य ते एकच.

पण काकींचा प्रश्न तांत्रिक नव्हताच. त्या गावात मी पाहिलं, दुपारी बारा ते चार पुळणीवर कुत्रंसुद्धा नसतं. किनाऱ्याजवळ राहणारा माणूस किनाऱ्यावर फिरायला जात नाही. जाळं असेल, होडी असेल, शेवाळ-कालवं काढायची असतील तर जातो, आणि काम झालं की माडाखाली, पडवीत, विहिरीवर येतो. गावातली जी काय बोलणी व्हायची, प्रेमाची किंवा भांडणाची, ती सावलीत होत होती. आम्ही बाराशे रुपये भाड्याच्या निळ्या-पिवळ्या छत्रीखाली प्रेम करत होतो. तशी छत्री त्या किनाऱ्यावर कधी उघडली नव्हती.

३. नायक प्रेमात पडण्याआधी रापतो

चित्रपट क्रमाने काढत नाहीत, हे आता सगळ्यांना माहीत असतं. आम्ही शेवट पहिल्या तीन दिवसांत काढला, कारण लग्नाचा मांडव देणाऱ्याला तो नंतर खऱ्या लग्नाला हवा होता. सुरुवात, म्हणजे पुण्याचा मुलगा एसटीतून उतरतो ते दृश्य, अठराव्या दिवशी. मधल्या पंधरा दिवसांत नायक असा काही रापला की कथेत तो पुण्याहूनच तांडेल होऊन आला आणि महिनाभर किनाऱ्यावर राहून लग्नात गोरापान झाला.

माझ्या वहीत फोटो होते, मेकअप दादांकडे डबे होते. त्यांनी अठराव्या दिवशी त्याला पहाटे साडेचारला बसवून मानेपर्यंत फिकट केला. मनगटं राहिली. एसटीच्या दारातून बॅग धरून उतरणारा हात तुम्ही बघितलात तर तो दुसऱ्याच माणसाचा वाटेल. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते बघायला कोणी आलं नाही.

४. रापणीला ‘वन मोर’ नसतं

दिग्दर्शकाला पार्श्वभूमीला ‘गावचं जीवन’ हवं होतं. गावचं जीवन म्हणजे रापण. होडीतून जाळं अर्धगोलात समुद्रात सोडत नेतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर असतात, आणि मग चाळीस-पन्नास माणसं दोन रांगांत ती टोकं ओढत ओढत एकमेकांकडे सरकतात. दोन-तीन तास लागतात. यांत्रिक नौका वाढल्यापासून आणि पर्ससीनची मोठी जाळी समुद्रात उतरल्यापासून रापणीच्या वाट्याला येणारा मासा घटला, हे तिथे प्रत्येक जण न विचारता सांगतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बाकीचे महिने किनाऱ्यावरून माणसांच्या हातांनी ओढलेलं जाळं आणि इंजिनाने ओढलेलं जाळं यांची स्पर्धा. त्यातही ती माणसं ओढतात. ओढताना थट्टा करतात, एकमेकांच्या सासऱ्यांचा उद्धार करतात. आमच्या संवादांपेक्षा तिथे विनोद जास्त होता.

तर आम्ही पुढे नायक-नायिका उभे केले, मागे खरी रापण. जाळं किनाऱ्याला लागलं, बांगडे आणि तारली उडायला लागली, सूर्य पाठीमागून बरोबर त्या उडणाऱ्या मासळीवर. आणि नायक ओळ विसरला.

“कट! वन मोर!” सहायक ओरडला. भोंग्यातून. “रापणवाले काका, परत पहिल्यापासून!”

रांगेतल्या पुढच्या माणसाने दोरी खाली ठेवली नाही. मान वळवून त्याने विचारलं, “मगे मासे परत दर्यात सोडू काय?”

पन्नास माणसं हसली. आमचेही लाइट दादा, सेटिंग दादा हसले. दिग्दर्शक हसला नाही. माझं तरीही असं मत आहे की तेव्हा कॅमेरा चालू राहिला असता आणि नायकाने फक्त त्या माणसाकडे ओशाळून बघितलं असतं, तर आमच्या हाती एक खरा विनोदी प्रसंग लागला असता. कट म्हणण्याची घाई हा विनोदी चित्रपटाचा मोठा रोग आहे.

५. मालवणीत प्रेम कसं करतात, ते आधी विचारून घ्यावं

आमचे संवाद पुण्यात लिहिले गेले होते. नायिकेची मालवणी म्हणजे प्रमाण मराठी वाक्याच्या शेवटी ‘गो’ किंवा ‘रे’, आणि राग आला की शिवी. हा दोष एकट्या आमच्या लेखकाचा नव्हे. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० मध्ये मालवणी व्यावसायिक रंगभूमीवर आणली, मच्छिंद्र कांबळींनी ती घराघरांत पोचवली, आणि नाटक इतकं चाललं की घाटावरच्या माणसाच्या कानात मालवणी म्हणजे खसखस आणि शिव्या एवढंच उरलं. त्या बोलीत कोणी हळू बोलत असेल, लाजत असेल, हे आमच्या डोक्यातच येत नाही.

नायिका मुंबईची, मेहनती मुलगी. ती मला म्हणाली, ताई, ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे मालवणीत कसं म्हणायचं, काकींना विचार ना. मी रात्री जेवताना विचारलं. काकी तांदूळ निवडत होत्या. त्यांना प्रश्न कळला नाही. म्हणजे शब्द कळले, पण असं वाक्य कोणी कशाला म्हणेल ते कळेना. मग त्यांनी पडवीत आरामखुर्चीवर घोरत असलेल्या काकांकडे बघितलं आणि गोष्ट सांगितली.

रापण ओढून झाली की मासळीचे वाटे घालतात. वाळूवर सारखे सारखे ढीग. जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा. काकी तेव्हा सतरा वर्षांच्या, वडील आजारी, म्हणून वडिलांच्या जागी दोरीला हात लावायला त्या जात आणि वाटा पाटीत भरून आणत. वाटे घालणाऱ्या पोरांत एक मुलगा होता. एके दिवशी घरी येऊन पाटी ओतली, तर एक बांगडा जास्त. मोजण्यात चूक झाली असेल. दुसऱ्या दिवशी दोन जास्त. तिसऱ्या दिवशी काकींनी तिथेच, पुळणीवर, सगळ्यांसमोर वाटा मोजला आणि एक बांगडा शेपटीला धरून वर केला.

“ह्यो एक जास्त इलो हा! कोणाचो तो घेवन जा!”

सगळी रापण गप्प. मग सगळे त्या मुलाकडे बघायला लागले, कारण त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या आईने रात्री त्याला विचारलं. पुढच्या वैशाखात लग्न.

एवढ्यात पडवीतलं घोरणं थांबलं होतं. “मी मोजूक चुकलंय,” काका आतल्या दिशेने म्हणाले. “बाकी काय नाय.”

“तीन दिस चुकलो?” काकी म्हणाल्या, आणि खडा काढून बाजूला टाकला.

मी त्या रात्री झोपले नाही. ही होती आमची रोमँटिक कॉमेडी. तिच्यात समुद्र होता, ऊन होतं, गर्दी होती, उलगडा होता, आणि चाळीस वर्षं चालू असलेलं भांडण होतं. सकाळी दिग्दर्शकाला सांगितली. त्याला आवडली, मनापासून आवडली. मग तो विचार करून म्हणाला, “पण मासा नको. शहरी प्रेक्षकाला वास येतो.” त्या जागी आमच्या चित्रपटात नायक नायिकेला शंख देतो. त्या किनाऱ्यावर तसे शंख मिळत नाहीत. तो आम्ही दादरहून आणला होता.

६. लहान गावात खोटं संध्याकाळपर्यंत टिकतं

आमच्या नायकाने तीन आठवडे ओळख लपवली होती. गावातल्या आठवीतल्या मुलाने, जो आमच्याकडे क्लॅप धरायला यायचा, पटकथेचा सारांश ऐकून विचारलं की एसटीतून उतरल्यावर त्याला कोणी “तू खयचो? कोणाचो?” असं विचारलंच नाही का? पटकथा तिथेच संपली. आम्ही तरीही १९० पानं काढली.

रात्री लॅपटॉपवर आम्ही काही जण ‘कभी हां कभी ना’ बघायचो. कुंदन शाहांचा, १९९४ चा, गोव्यातला. शाहरुख खान त्यात सुनील आहे. ट्रम्पेट वाजवतो, परीक्षेत नापास होतो, ॲनावर प्रेम करतो, आणि ॲनाचं प्रेम त्यांच्याच बॅंडमधल्या ख्रिसवर. त्या बॅंडमध्ये आपला आशुतोष गोवारीकरही आहे, ‘लगान’च्या पुष्कळ आधीचा. सुनील दोघांत भांडण लावायला खोटं बोलतो आणि ते खोटं लगेच उघडं पडतं. पास झालो म्हणून घरी सांगतो, तेही ओझं होऊन बसतं. चित्रपट गोव्यातला, पण मला आठवतो तो गल्ल्यांचा, घरांचा, चर्चमधल्या फादर ब्रागांझांचा. सगळ्यांना सगळं कळतं अशा जागी खोटं बोलणाऱ्याचं काय होतं, हा तिथला विनोद. आणि शेवटी ॲना त्याला मिळत नाही. हिंदीत नायकाला मुलगी न देण्याची हिंमत, तीही हसतखेळत, मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही.

दुसरा चित्रपट मला माझ्या धंद्यामुळे आवडतो: हवाईतला ‘फिफ्टी फर्स्ट डेट्स’, २००४ चा. अपघातानंतर नायिकेला रोज झोपून उठल्यावर मधलं काही आठवत नाही. तिला धक्का बसू नये म्हणून तिचा बाप आणि भाऊ रोज तोच एक दिवस पुन्हा मांडतात. तेच जुनं वर्तमानपत्र, बापाचा तोच वाढदिवस, रात्री तोच सिनेमा. ती दिवसा भिंतीवर चित्र रंगवते, ते दोघे रात्री भिंत परत पांढरी करतात. खानावळीतली माणसंही सामील. लोक याला रोमँटिक कॉमेडी म्हणतात. मला ती दोन थकलेल्या कंटिन्युइटीवाल्यांची गोष्ट वाटते. तिथेही खोटं आहे, पण ते सगळ्या वस्तीने मिळून सांभाळलेलं आहे, म्हणून टिकतं. एकट्याचं टिकलं नसतं.

७. दिवे विझवायला सांगितले तर विझवावेत

ऑलिव्ह रिडली कासवांच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास अंडी घालायला येतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने जातात. समुद्रावर आकाशाचा उजेड असतो म्हणून ती तिकडे पोचतात. आमचा जनरेटर आणि चार मोठे दिवे दुसऱ्या दिशेला होते. गावातली दोन पोरं येऊन उभी राहिली, म्हणाली, वरच्या अंगाला घरटं राखून ठेवलंय. नायिकेचं चांदण्यातलं गाणं रद्द झालं. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही; चाल चोरलेली होती.

८. आवाज नंतर भरता येतो

समुद्राजवळ टिपलेले संवाद कामाचे नसतात. गाज सगळं खाते, आणि प्रत्येक शॉटात वेगळी खाते. आमचे सगळे संवाद पुढे अंधेरीतल्या एका खोलीत परत भरले. ओठ जुळले, वाक्यं जुळली. हसू जुळलं नाही. रापणीच्या त्या प्रसंगानंतर नायिका एकदा खरंच हसली होती, पोट धरून, आणि तो शॉट चुकून चित्रपटात राहिला. बंद खोलीत तिला ते हसू सहा वेळा काढायला लावलं. शेवटी आवाजवाल्याने मूळ पट्टी चाळून गाजेसकट तेच घातलं. थिएटरमध्ये त्या क्षणी एकदम समुद्र वाढतो, ऐकलंत तर कळेल.

९. गावाला दाखवावा

चित्रपट उतरल्यावर तीन महिन्यांनी, काकींचा आग्रह म्हणून, मी डीव्हीडी घेऊन गेले. शाळेच्या भिंतीला चादर लावली, ग्रामपंचायतीचा प्रोजेक्टर आणला. दीडशे माणसं. त्यांनी नायक-नायिकेकडे बघितलंच नाही. ती मागे बघत होती. धूसर फोकसमध्ये कोणाची गाय गेली, कोणाची होडी दिसली, कोण मेला रापणीच्या दोरीला नुसता हात लावून उभा आहे, याचा पुकारा चालला होता. आमच्या लेखकाच्या विनोदांवर शांतता. दुपारच्या पळापळीच्या गाण्यावर मात्र बायका पदर तोंडाला लावून हसल्या, तेव्हा मला काकींचं पहिलं वाक्य आठवलं आणि मीही हसले.

मग तो दुसऱ्या दिवसाचा प्रसंग आला. नायक म्हणतो, “मी तुला काहीतरी सांगायला आलोय.” दहा पावलांवर पाणी. नायिका म्हणते, “सांग ना.” पन्नास पावलांवर पाणी. संकलन करताना कोणाच्या डोळ्यांना हे खुपलं नव्हतं. पुण्याच्या, मुंबईच्या प्रेक्षकांत, जे थोडे होते त्यांत, कोणी बोललं नव्हतं. मी मान खाली घातली.

पुढच्या ओळीत बसलेले तांडेल उठून उभे राहिले. चादरीवर त्यांची सावली पडली, नायिकेच्या बरोबर गालावर.

“ह्यो बोललो तेवा भरती,” ते मागे वळून सगळ्यांना म्हणाले, “आणि तिना जबाब दिल्यान तेवा सुकती. मगे मदल्या सा तासांत ही दोगा काय करी हुती?”

हशा असा उठला की पुढची दोन दृश्यं कोणाला ऐकू आली नाहीत. काका खुर्चीवर मागे रेलून डोळे पुसत होते. काकी त्यांच्या पाठीत धपका घालत म्हणत होत्या, “मोजीत असतले!”

मी अंधारात पिशवीतून वही काढली, त्या प्रसंगाचं पान शोधलं आणि शर्टाच्या दुसऱ्या गुंडीच्या नोंदीखाली दोन्ही वाक्यं लिहून घेतली.